पंगतीतली दोन वाक्यं

प्रश्न : जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवणारे ४७ वर्षांचे एक वाचक लिहितात, की ते लहानपणापासून बोलघेवडे. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि गप्पांना बसणारे जास्त. गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या त्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी जमली होती. पंगतीत चुलतभाऊ धाकट्या भावाची थट्टा करत होते, 'मास्तर, तुमचं बरंय, पाऊस पडो न पडो, पगार ठरलेला.' हा भाऊ धुळ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पत्रलेखक गंगाफळाची भाजी वाढत होते. वाढता वाढता म्हणाले, 'त्याच्या डी.एड.ला मी वावर गहाण टाकलं म्हणून. नाहीतर आज माझ्याच दुकानात पोती उचलत असता.' सगळे हसले. भाऊ ताटावरून उठला, हात धुतले आणि बायको-मुलांना घेऊन त्याच दुपारी निघून गेला. दिवाळीलाही आला नाही. बायको म्हणाली, 'तुमच्या तोंडाला कुलूपच पाहिजे.' ते त्यांनी मनावर घेतलं. दिवाळीपासून ते कामापुरतंच बोलतात, मोबाइलवर मौनाचे व्हिडिओ बघतात, इगतपुरीला विपश्यनेला जायचाही विचार आहे. पण घर शांत होण्याऐवजी जड झालंय. बारावीतली मुलगी विचारते, 'पप्पा, माझं काही चुकलं का?' कमी बोलायची सवय कशी लावायची, या वयात स्वभाव बदलतो का आणि भावाचं काय करायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पत्रात एके ठिकाणी ते म्हणतात, 'मी खोटं तर काही बोललो नव्हतो.' आणि वावराचे पैसे पुरले नाहीत तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडाव्या लागल्या, हेही ओघात येऊन गेलंय.

भाऊ,

पत्रात तुम्ही एक गोष्ट फार चांगली केलीत. जे बोललात ते जसंच्या तसं लिहिलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत 'रागाच्या भरात काहीबाही बोलून गेलो' एवढंच असतं, आणि समोरच्याला नेमकं काय लागलं असेल याचा अंदाजच बांधावा लागतो. तुमच्या बाबतीत ती दोन वाक्यं समोर आहेत. आधी त्यांच्याकडे बघू, मौनाचं नंतर.

तुम्ही धरून चाललात की तुमचा दोष जास्त बोलण्याचा आहे. वहिनींनीही तेच म्हटलं. पण त्या दिवशी सकाळपासून तुम्ही किती बोलला असाल! पावसाचं, कपाशीच्या भावाचं, कुणाच्या मुलीच्या सोयरिकीचं, रोटांचं पीठ यंदा कुणी दळलं याचं. त्या बोलण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. उलट लांबून आलेल्या माणसांना आपण घरी आलोय असं त्यामुळेच वाटलं असेल. बिघडवलं ते दोन वाक्यांनी. एखादा अबोल माणूस वर्षभर गप्प बसून ती दोनच वाक्यं बोलला असता तरी धाकटा भाऊ असाच उठून गेला असता.

मग जास्त बोलण्याचा याच्याशी काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. सतत बोलणाऱ्याला तोंडातून निघणारं पुढचं वाक्य आधी बघून घ्यायला फुरसतच मिळत नाही. त्यातून समोर माणसं हसत असली की हात सैल सुटतो. त्या घरात हशा पिकवायचं काम लहानपणापासून तुमच्याकडे आहे, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. चुलतभावांनी थट्टेला सुरुवात केली आणि तुम्ही त्यावर कडी केलीत. तुमचं बोलणं भावासाठी नव्हतंच. ते चुलतभावांसाठी होतं. भाऊ त्या बोलण्याचा विषय होता, आणि तो तिथेच, तुमच्या हातून वाढून घेत बसला होता. माझ्या मते सगळं इथे घडलं. एकाला हसवायला बोललेलं दुसऱ्याला ऐकून घ्यावं लागतं, आणि तो दुसरा धाकटा असला, बायको असली, दुकानातला नोकर असला, तर त्याला उलटून बोलायचीही सोय नसते. तो उठून जाऊ शकतो, तेवढंच त्याच्या हातात असतं.

'मी खोटं तर काही बोललो नव्हतो.' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण या सदरात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत ते सारखं येत असतं. धुळ्याचीच एक गोष्ट सांगते. १९३२ साली तिथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावा अध्याय झाला. आपल्या अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. ते समोर बसून लिहून घेत, म्हणून ते बोलणं आज आपल्यापर्यंत आलंय. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलेलं आहे. बोलणं ऐकणाऱ्याला उद्विग्न करणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. चार अटी आहेत, खरेपणा ही त्यातली एक. आपण तेवढी एक उचलतो आणि 'मी बुवा स्पष्टवक्ता' म्हणून बाकीच्या तीन सोडून देतो.

आणि भाऊ, तुमचं वाक्य त्या एका अटीला तरी पुरतं उतरतं का? 'मी वावर गहाण टाकलं.' वहिनींच्या पाटल्या कुठे गेल्या त्या वाक्यातून? नवी सून असताना तिनं हातातल्या पाटल्या दिराच्या शिक्षणाला काढून दिल्या. त्या दिवशी ती आतल्या खोलीत पुरण वाटत असेल किंवा पंगतीतच वाढत असेल. तिनं ते 'मी' ऐकलं असणारच. 'तुमच्या तोंडाला कुलूप पाहिजे' असं ती म्हणाली ते निव्वळ दिराच्या काळजीनं, असं तुम्हाला वाटतंय. मला नाही तसं वाटत.

आता जरा अवघड भाग. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं वावर त्या पंगतीत आलं कुठून? ते तुमच्या मनात इतकी वर्षं बसून होतं. भाऊ नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्यानं धुळ्याला घर बांधलं, आणि या सगळ्यात एकदाही तो तुमच्याजवळ बसून 'दादा, तुझ्यामुळे झालं' असं म्हणाला नाही. तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही, पण घराच्या वास्तुशांतीला 'सगळ्या पाहुण्यांबरोबर मलाही टॉवेल-टोपी' हे मात्र लिहिलंय. ते वाक्य तुम्ही सहज लिहिलं असेल, मला ते सहज वाटलं नाही.

तुम्ही दुकानदार आहात. हंगाम संपल्यावर उधारी मागायची असते तेव्हा शेतकऱ्याला एसटी स्टँडवर चारचौघांत अडवत नाही. दुकानात बसवता, चहा मागवता, वही उघडता, आकडा दाखवता. भावाकडची बाकी तुम्ही कधी वहीत लिहिली नाही, कधी मागितली नाही, आणि मग एकदम भर पंगतीत मोठ्यानं वाचून दाखवलीत. दिवसभर बोलणारा माणूस हे एक बोलणं वीस वर्षं टाळत होता. भरपूर बोलणाऱ्यांत हे मी पुष्कळदा पाहते. जगाच्या गप्पा त्यांना मारता येतात. स्वतःला काय हवं होतं हे सांगायची वेळ आली की ते विनोद करतात, आणि त्या विनोदाला धार असते.

म्हणून 'कमी कसं बोलू' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. काही बोलणं तुम्हाला कमी करायचंय आणि काही बोलणं, जे आजवर झालंच नाही, ते करायचंय. दिवाळीपासून तुम्ही दोन्ही बंद केलंत.

त्या बंदीचं घरात काय झालं ते मुलीनं सांगितलंच. बोलका बाप अचानक गप्प झाला की लेकरू त्याचा अर्थ स्वतःवर ओढून घेतं. तुम्हाला वाटतं तुम्ही संयम पाळताय. तिला वाटतं बाप रागावलाय, आणि बारावीचं वर्ष असल्यानं तिला पहिली शंका स्वतःच्या मार्कांचीच येणार. यात तिचं काही चुकत नाही. आपल्याकडे घरात गप्प बसणं म्हणजे अबोला, हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. गावागावात असे सख्खे भाऊ आहेत ज्यांच्या घरांची भिंत एक आणि बोलणं बंद. पोरीच्या लग्नाची पत्रिका तिसऱ्याच्या हातानं पाठवायची, मयतीला जायचं पण मागच्या रांगेत उभं राहायचं. सुरुवात कशानं झाली ते म्हाताऱ्यांनाही धड आठवत नाही, आणि नातवंडं शाळेत एका बाकावर बसत नाहीत. अशा घरांत कुणी फार बोललं म्हणून वाट लागलेली नसते.

तुमच्या-माझ्या भागातली चांगदेवांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं मंदिर आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा हेच कळेना. हा वयानं लहान, ज्ञानानं मोठा. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईनं तो बघून, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं म्हटलं असं सांगतात. मला त्या कथेतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्ञानेश्वरांनी कोऱ्या कागदाला कोऱ्या कागदानं उत्तर दिलं नाही. पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या. तुमच्या दोघा भावांत श्रावणापासून कोरे कागद जातायत आणि येतायत. कुणीतरी पहिली ओळ लिहायला हवी, आणि ती लिहायची पाळी तुमची आहे.

मौनाला मी नावं ठेवत नाही. गांधीजी सोमवारी मौन पाळत. पण त्यांचा वार ठरलेला होता, सगळ्यांना माहीत होता, आणि काही सांगायचंच असलं तर ते चिठ्ठीवर लिहून देत. आश्रमातल्या कुणाला 'बापू आज माझ्यावर रागावले का' असं कोडं पडायची वेळ नव्हती. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरातही मौन शिबिरापुरतं असतं, आणि शेवटाकडे बोलणं सुरू करून देतात, कारण माणसाला परत माणसांतच जायचं असतं. तेव्हा मौन पाळायचं असेल तर जाहीर करून पाळा. 'मी रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर अर्धा तास बोलणार नाही, डोकं शांत करतो, कुणावर राग नाही' एवढं घरात सांगितलंत की त्याचा अबोला होणार नाही. शिबिरालाही जरूर जा. होळीनंतर, खरिपाचं बियाणं यायच्या आत तुमच्या धंद्याला थोडी उसंत असते, तेव्हा जा. पण भावाला भेटायच्या आधी जाऊ नका. नाहीतर मोठी गोष्ट केल्याचं समाधान घेऊन परत याल आणि करायची गोष्ट तशीच राहील.

मुलीला मात्र आजच सांगा. 'तुझं काही चुकलं नाही. मी काकाला वाईट बोललो, त्याचं मला लागलंय.' बारावीतल्या मुलीला एवढं समजतं.

स्वभावाचं म्हणाल, तर तो बदलायची मला गरज दिसत नाही. ज्या वर्षी कापसानं दगा दिला त्या वर्षी किती जण नुसते तुमच्या दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसले असतील, ते आठवा. तालुक्याच्या गावात अशी जागा असणं ही मोठी गोष्ट आहे. ती बंद करू नका. पण शब्द निवडायची तालीम करायला त्या दुकानासारखी जागा नाही, कारण तिथे तुमच्या शब्दांवर लोक पैसे खर्च करतात.

शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत पान घेऊन येतो. पिशवी उघडायच्या आत 'हां, ही घे, पंधरा लिटरच्या पंपाला एवढं टाक' असं म्हणायची सवय बहुतेक दुकानदारांना असते, आणि बोलक्या दुकानदाराला जास्त. पुढच्या वेळी पिशवी हातात घ्या, पान उजेडात धरा, मागून-पुढून बघा आणि आधी विचारा. लागवड कधीची? शेवटची फवारणी कधी, कशाची? शेजारच्या वावरात काय आहे? उत्तर पुरतं ऐका. तो मध्येच थांबला तर लगेच ती जागा भरू नका. आपला शेतकरी महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो, 'तसं काकानं परवा तणनाशक मारलं होतं शेजारी' असं, निघता निघता. तुम्ही बोलत राहिलात तर ती गोष्ट त्याच्याबरोबर घरी जाते.

आणि कधी कधी दोन शब्दांत संपवायचं असतं. केळीवर हरण्या आला, म्हणजे तो सीएमव्ही विषाणू, तर लागण झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही. झाड उपटून नष्ट करायचं आणि रोग पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते. गल्ल्यावर बसलेल्याला तर फारच, कारण त्या वाक्यानं बाटली विकली जात नाही. तिथे लांबण लावणं, 'हे मारून बघ, ते मारून बघ' करणं सोपं असतं. 'उपटून टाक, उद्यावर ढकलू नको' हे थोडक्यात, त्याच्याकडे बघून सांगता आलं, तर शब्द मोजून वापरणं काय असतं ते तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर कळेल.

घरात आणि भाऊबंदकीत काही गोष्टी मी सरळ सोडूनच द्यायला सांगेन. आपण कुणासाठी काय केलं, हे चारचौघांत कधीही बोलायचं नाही. कौतुक म्हणूनही नाही, थट्टेत तर नाहीच. आपल्यापेक्षा लहान किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसावर पंगतीत, लग्नात, गाडीत विनोद करायचा नाही. हसवायची हौस असेल तर विषय दुसरे भरपूर आहेत. दुसऱ्यांनी थट्टा सुरू केली तर त्यात भर घालायची नाही, विषय बदलायचा. त्या दिवशी 'अरे त्याला जेवू द्या आधी' एवढंच तुम्ही म्हणाला असता तर भाऊ ते वर्षानुवर्षं विसरला नसता. पाच शब्दांचं बोलणं, पण मोठ्या भावाचं.

भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजून सांभाळा. बोलून गेलेलं निदान विरतं. तिथे पाठवलेला आवाज लोक जपून ठेवतात आणि दोन वर्षांनी ऐकवतात. 'नात्यांचं मोल' वगैरे सुविचार भावाने वाचावा म्हणून ग्रुपवर टाकत असाल तर आजपासून बंद करा. त्याला ते टोमणेच वाटणार.

आणि या सगळ्याची पहारेकरी वहिनींना करू नका. 'मी जास्त बोलायला लागलो की मला खूण कर' असं नवरे सांगतात, मग खूण केली की चिडतात. तुमची जीभ तुम्हीच सांभाळायची आहे.

इथे थोडं थांबून दुसऱ्या वाचकांशी बोलते, कारण हे उत्तर कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. 'कमी बोल' हा सल्ला आपल्याकडे सगळ्यांना सारखा मिळत नाही. सुनेला मिळतो, शिकलेल्या मुलीला मिळतो, सालदाराला मिळतो. सासरी प्रश्न विचारला तर 'फार बोलते', जमिनीत हिस्सा विचारला तर 'जीभ लांब झाली'. तुम्ही अशा जागी असाल तर वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. तुमच्या बोलण्याचं मोजमाप दुसरेच करतायत, आणि ते बोलणं त्यांच्या सोयीचं नाही एवढाच त्याचा दोष असू शकतो. तुम्हाला माझं सांगणं उलटं आहे. जे मागायचंय ते आधी कागदावर लिहा, थोडक्यात आणि नेमकं लिहा, म्हणजे कुणी मध्येच 'किती बोलते' म्हणून ते उडवून लावू शकणार नाही. आणि मग ते बोला, एकदा नाही ऐकलं तर पुन्हा. ज्याचं बोलणं घरात सगळे निमूट ऐकून घेतात, त्यानं आपले शब्द कमी करावेत. ज्याचं कुणी ऐकतच नाही त्यानं कशाला?

आता भाऊ.

फोन करू नका. फोनवर तो 'जाऊ दे, ठीक आहे' म्हणेल आणि तुम्हाला ते खरं वाटेल. मोठ्या जिभाऊंना किंवा मामांना मध्ये घालू नका. मध्यस्थ आला की माफीचा निवाडा होतो, 'तूही थोडं समजून घ्यायला हवं होतं' हे त्यालाच ऐकावं लागतं. शेतावर भरीत पार्टी ठेवायची, त्याला बोलवायचं, वांगी काट्यांवर भाजता भाजता सगळ्यांच्या देखत हसतखेळत मिटवायचं, असा बेत तुमच्यासारख्या माणसाच्या डोक्यात येणारच. नको. ज्या चारचौघांत त्याची मान खाली गेली त्याच चारचौघांत त्याला 'हो हो, झालं गेलं' म्हणायला लावणं ही दुसरी जबरदस्ती होईल.

एखाद्या रविवारी एकटेच धुळ्याला जा. आदल्या दिवशी 'उद्या सकाळी येतोय, तासभर बसू' एवढा निरोप द्या. त्याच्या मुलांदेखत विषय काढू नका, बाहेर पायी चक्कर मारायला न्या. आणि ज्या बोलीत त्याला लागलं त्याच बोलीत, आपल्या अहिराणीत बोला. 'भाऊ, त्या दिन मी चुकनू. चार लोकेसमा तुना मान ठेवा नही.' एवढंच. 'तुला राग आला असेल तर' असं म्हणू नका, त्याला राग आलाय हे ठरलेलं आहे. 'मी गमतीत बोललो' म्हणू नका, आणि 'तुला माहीत आहे माझा स्वभाव' हे तर मुळीच नाही. आणि वावर, डी.एड., पाटल्या यातला एक शब्दही त्या दिवशी काढायचा नाही.

तुमच्या मनातली ती बाकी? ती खोटी नाही आणि ती कायमची गिळून टाका असं मी म्हणणार नाही. पण तिचा दिवस वेगळा. बोलणं सुरळीत झाल्यावर, काही महिन्यांनी, दोघंच असताना सांगा, 'मला तुझ्याकडून एकदा ऐकायचं होतं, म्हणून मी आतून कडू झालो होतो.' तो काय म्हणेल ते त्याच्यावर सोडा. कदाचित त्याच्याकडेही एखादी न बोललेली गोष्ट निघेल. ज्याच्यासाठी वावर गहाण पडलं त्यालाही ते ओझं वाटत असतं, आणि त्याचे आभार सुचत नाहीत ते पुष्कळदा त्या ओझ्यामुळेच. त्याच्या आधी मात्र घरातली बाकी फेडा. वहिनींना त्या पाटल्यांबद्दल, त्या 'मी'बद्दल बोला. नव्या पाटल्या करायची ऐपत असेल तर कराच, पण बोलण्याच्या बदल्यात करू नका.

येत्या श्रावणात कानबाईला काय करायचं, हे भावाला विचारून ठरवा. 'मी सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर चूक कबूल करू का?' असं विचारा. तो नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर पंगत बसायच्या आधी एका वाक्यात सांगा आणि वाढायला लागा. भाषण करू नका.

भेटीत तो शांत राहील याची खात्री धरू नका. श्रावणापासूनचं साठलेलं बाहेर पडेल. लहानपणीचं निघेल, वडिलांच्या आजारपणातलं निघेल, त्यातलं काही तुमच्या मते साफ चुकीचं असेल. तेव्हा तुमच्या जिभेवर 'पण' येईल. दिवाळीपासून जो संयम तुम्ही मुलीवर आणि गिऱ्हाइकांवर खर्च करताय, तो त्या तासाभरासाठी राखून ठेवा. त्याचं पुरतं होऊ द्या. चुकीचं वाटलेलंही त्या दिवशी दुरुस्त करू नका. आणि तो जे काही बोलेल, चांगलं किंवा वाईट, ते घरी आल्यावर वहिनींखेरीज कुणालाही सांगू नका. दुकानाच्या बाकड्यावर तर नाहीच.